प्रकाश पुढे सरकताना कॅमेऱ्यात खरंच टिपता येतो का?

हो, टिपता येतो. पण अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा एक गाजलेला व्हिडिओ आहे, ज्यात लेसरचा क्षणिक झोत बाटलीतून सरकताना दिसतो; तो एकाच झोताचा नाही. 2011 मध्ये मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांच्या गटाने तो केला. एका पिकोसेकंदात (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात) प्रकाश जेमतेम 0.3 मिलिमीटर सरकतो, म्हणून तिथे स्ट्रीक कॅमेराच, म्हणजे इतक्या सूक्ष्म वेळातला बदल टिपणारा कॅमेराच लागतो. गोम अशी की तो एका वेळी दृश्याची एकच आडवी रेघ टिपतो. मग आरसा किंचित फिरवायचा, पुन्हा झोत सोडायचे, पुढची रेघ. अशा लाखो झोतांमधून चित्र जुळवलेलं असतं. त्यामुळे काच फुटण्यासारखी, पुन्हा हुबेहूब न घडणारी घटना त्यात सापडत नाही. त्यासाठी एकाच झोतात भागणारं तंत्र निराळं आहे: 2018 मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेतल्या आणि कॅनडातल्या संशोधकांनी सेकंदाला 10 लाख कोटी फ्रेम्स गाठल्या.