ओसाकाचा किल्ला नव्याने बांधलेला आहे म्हणतात, मग बघण्यात अर्थ आहे का?

आहे, पण नुसत्या मनोऱ्यासाठी नाही. तो काँक्रीटचा, १९३१ साली लोकवर्गणीतून उभारलेला. आत लिफ्ट आणि संग्रहालय. जुने लाकडी जिने चढायचे असतील तर सरळ हिमेजीचा जुना किल्ला गाठा.

खरी मजा बाहेर आहे. खंदक आणि तटाचे दगड सतराव्या शतकातले, तोकुगावा या शासक घराण्याच्या काळातले. त्याआधीचा सत्ताधीश हिदेयोशी याचा मूळ किल्ला या दगडांखाली गाडला गेलाय. साकुरामोन दरवाजातून आत शिरलात की समोरच 'ताकोइशी' हा अखंड दगड, वजन अंदाजे १०८ टन! आपले गड पालथे घातलेला माणूसही तिथे थबकतो.

उद्यानात फिरायला तिकीट नाही, निशिनोमारू बागेला मात्र आहे. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, एप्रिलच्या सुरुवातीला, गर्दीसकट. मी फेब्रुवारी-मार्चमधला उमे (जपानी प्लम) फुलांचा बहर निवडेन.