बागेतलं खेळघर: रंग, नक्षी आणि नावाची पाटी

प्रश्न: मुलीसाठी बागेत प्लायचं पाच बाय चार फुटांचं, साडेचार फूट उंचीचं खेळघर सुताराकडून करून घेतलं आहे. गेल्या वर्षी लावलेल्या ऑइलपेंटचे पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटले. आता तिला बाहेरून वारली चित्रं हवी आहेत. कसं रंगवावं? – एक वाचक, सातारा

उत्तर: रंग वाईट होता म्हणून पापुद्रे सुटले असं नाही. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितात. प्लाय फुगतो, उन्हात परत आक्रसतो. ऑइलपेंटचा कडक थर तेवढा ताणत नाही, तडकतो आणि आत मुरलेलं पाणी त्याला मागून ढकलून देतं. त्यामुळे आधी कडा, मग भिंती.

दिवाळीनंतर काम काढा. पाऊस गेल्यावर लाकडाला तीन-चार आठवडे ऊन मिळू द्या. खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. तो सहज आत गेला किंवा प्लायचे थर सुटलेले दिसले, तर तेवढी पट्टी कापून तिथे ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय बसवा. कुजलेल्या प्लायवर रंगाचा खर्च फुकट जातो. घर थेट मातीवर असेल तर चार कोपऱ्यांखाली विटा द्या, म्हणजे ओल चढणार नाही आणि वाळवी लागली तर लगेच दिसेल.

सुटलेला रंग पत्रीने खरवडा. मग ८० नंबरच्या आणि शेवटी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. तोंडाला मास्क हवाच, आणि मुलीला त्या दिवशी लांब ठेवा. कडांना वॉटर बेस्ड वुड प्रायमरचे तीन हात द्या, भिंतींना एक पुरे. त्यावर बाहेरच्या भिंतींसाठी मिळतो तो ॲक्रेलिक इमल्शन, दोन हात, मधे चार तास. दार-खिडक्या वगळून तुमच्या घराच्या बाहेरच्या भिंती साधारण ७० चौरस फूट भरतील. प्रायमर एक लिटर आणि रंगाचे एकेक लिटरचे दोन डबे घ्या. डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा कमी असल्याचा उल्लेख बघून घ्या. घरगुती रंगांसाठी ही मर्यादा २०१७पासून लागू आहे.

वारली चित्रांमागे गेरूचा रंग असतो, आणि ही निवड इथे शोभेपलीकडेही उपयोगी आहे. गेरू आणि पिवडीसारख्या मातकट छटा उन्हात टिकतात, भडक लाल-गुलाबी लवकर उडतात. मात्र खरा गेरू आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग उघड्यावर लावू नका, पहिल्या सरीत वाहून जाईल. गेरूच्या छटेचं इमल्शन आणि चित्राला पांढरं इमल्शन, थोडंसं पाणी घालून. बांबूच्या काडीचं टोक ठेचून घ्या. त्या रेषेचा जाडबारीकपणा ब्रशला येत नाही. आधी खडूने आखा, रंग वाळला की खडू ओल्या फडक्याने पुसता येतो.

तारपा नाचाचं वर्तुळ काढायचं तर मधल्या तारपेवाल्यापासून (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) सुरुवात करा आणि नाचणारे बाहेरच्या बाजूला वाढवत न्या. उलट केलं की मधे जागा उरत नाही. माणसं चार-पाच इंचांची ठेवा, त्याहून लहान आकृत्यांचे त्रिकोण मुलांच्या हातून भरून जातात. झाडं, शेती, कोंबड्या, नाच हे खुशाल काढा. पालघाट देवीचा चौक मात्र लग्नविधीतला आहे, तो खेळघरावर नको.

प्रश्न: तयार प्लास्टिकच्या खेळघरावर रंग टिकेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बहुतेक वेळा नाही. ही घरं पॉलिइथिलीनची असतात आणि त्यावर साधा रंग धरत नाही, नखाने सोलून निघतो. खास प्लास्टिक प्रायमर मिळतो, पण मुलं जिथे रोज हात लावतात, लोंबकळतात तिथे तोही उडतो. घर रंगवायचा हट्ट सोडा. खिडकीला वेल्क्रोने कापडी पडदा लावा, दारावर तोरण लावा, आत जुनी सतरंजी टाका. पडद्याला दोरी ओवू नका. लोंबती दोरी लहान मुलाच्या गळ्याला अडकू शकते.

प्रश्न: दोघा भावंडांच्या नावांची पाटी आणि आत दिवे लावायचे आहेत. काही सूचना? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नावं सहा मिलिमीटर प्लायमधून जिगसॉने कापून घ्या. शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकसंध निघतं, पण ती किमान पाऊण इंच जाड ठेवा, नाहीतर दोन अक्षरांच्या मधेच मोडते. अनुस्वाराचा टिंब सुटा पडतो. तो न चिकटवता पाटीवरच रंगवा, कारण सुटलेला तुकडा धाकट्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. कोकणच्या हवेत लोखंडी स्क्रूचे गंजाचे ओघळ पहिल्याच पावसात पाटीवर उतरतात.

दिव्यांच्या ज्या माळा बटणासारख्या चपट्या सेलवर चालतात, त्या अजिबात घेऊ नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सोलर माळ घ्या आणि तिचं पॅनल छपरावर दक्षिणेकडे तोंड करून, झाडाची सावली पडणार नाही असं बसवा.

आणि आतली एक भिंत कोरी सोडा. तिला ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात द्या, तीन दिवस वाळू द्या, मग आडवा खडू सगळीकडे घासून पुसून टाका. हे केलं नाही तर पहिली अक्षरं कायमची उमटून राहतात. त्या भिंतीवर काय काढायचं ते मुलांनाच ठरवू द्या.