छोट्या जोड्या हातात आल्या की

मित्रा, शनिवारी गंगापूर रोडच्या पोकरच्या बैठकीत तुझ्याकडे पंज्यांची जोडी होती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, एक्का, राजा, नव्वी पडली आणि तरी तू शेवटपर्यंत कॉल करत, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावत राहिलास. सुरुवातीला सगळ्यांचं हेच होतं, त्यामुळे खचू नकोस.

दुरी ते छक्कीच्या जोड्या आपण मुख्यतः सेटसाठी खेळतो, म्हणजे तिसरं तसलंच पान पडावं म्हणून. फ्लॉपवर ते पडण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के, साधारण साडेआठ वेळांत एकदा. म्हणून आधी स्टॅक, म्हणजे हाताशी असलेल्या चिप्स बघ, तुझा आणि समोरच्याचाही. दोघांतला जो लहान, तो कॉलच्या निदान १५ ते २० पट हवा. समोरच्याने ३०० चिप्सपर्यंत रक्कम वाढवली (रेज केलं) आणि त्याच्याकडे मागे २००० च उरल्या, तर सरळ फोल्ड कर, पानं टाकून दे. सेट लागला तरी आधीची घट भरून निघत नाही.

फ्लॉपनंतरच्या दोनच गोष्टी:

- सेट नाही लागला आणि समोरून दणकून बेट आली, म्हणजे मोठी रक्कम लावली गेली, तर सोड. तुझ्या कामाची गड्डीत दोनच पानं उरलेली असतात.
- सेट लागला तर दबून बसू नकोस, बेट कर. बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पानांत, बदामाची दोन पानं असताना बेट न करता पुढचं पान फुकट बघू देणं फार महागात पडतं, समोरच्याचे पाच बदाम जुळू शकतात.

ब्लफ, पोझिशन वगैरे सध्या बाजूला ठेव. पुढच्या शनिवारी माझ्या शेजारी बस, प्रत्येक छोट्या जोडीला आधी स्टॅक मोजू.