आधी रुंदी बघा, मग नंबर, किंमत त्यानंतर

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्नांचा गुंता झालाय, तो आधी सोडवू. तुमच्याकडे क्रॉकेट अँड जोन्स या इंग्लिश कंपनीचा ३४८ लास्टवरचा (लास्ट म्हणजे बूट ज्यावर घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा) ऑक्सफर्ड आहे, म्हणजे नाडीच्या पट्ट्या खालून शिवून बंद केलेला बूट, यूके ८ ई (आठ नंबर, ई रुंदी). लांबीला ठीक, पण संध्याकाळपर्यंत करंगळीपाशी चावतो आणि नाड्या कितीही आवळल्या तरी वरच्या पट्ट्या फाकलेल्याच राहतात. आता एडवर्ड ग्रीन या दुसऱ्या इंग्लिश कंपनीचा चेल्सी नावाचा ऑक्सफर्ड, २०२ लास्टवरचा, घ्यायचाय. साडेआठ घेऊ का, आणि न्यूयॉर्कच्या दुकानाऐवजी लंडनहून मागवला तर किती वाचतील, असं विचारलंत.

साडेआठ घेऊ नका. आणि या लास्टवरचा तुमचा हा पहिलाच जोड आहे, तेव्हा पायात घालून बघितल्याशिवाय मागवू नका, मग तो कुठूनही कितीही स्वस्त पडो.

इंग्लिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर वाढवला की लांबी चारेक मिलिमीटरने वाढते आणि चवड्याचा घेर जेमतेम तीनने. तेच रुंदी एक पायरी वाढवली, ई ऐवजी एफ घेतली, तर घेर सहाच्या आसपास वाढतो आणि लांबी आहे तेवढीच राहते. तुम्हाला जागा हवीय करंगळीला. साडेआठ ती देणार अंगठ्याच्या पुढे. शिवाय बुटाचा सगळ्यात रुंद भागही पुढे सरकतो. पाय जिथे वाकतो आणि बूट जिथे वाकायला बनवलाय त्या दोन जागा जुळल्या नाहीत की घडी भलतीकडे पडते, बोटांवर घासते आणि टाच दर पावलाला उचलली जाते. मग लोक आत जादा सुखतळी सरकवतात, त्याने बुटाची कड घोट्याला टोचायला लागते, आणि शेवटी दोष चामड्याला देतात.

दुकानात दिवस कलताना जा, पाय तेव्हा किंचित सुजलेले असतात. ऑफिसला घालता तेच मोजे घाला. ब्रॅनॉकच्या पट्टीवर दोन्ही पाय मोजून घ्या, उभं राहून. सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२०च्या दशकात बनवलेलं हे साधन तीन मापं देतं: टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत, टाचेपासून अंगठ्यामागच्या हाडापर्यंत, आणि रुंदी. विक्रेते बहुतेक वेळा पहिलं आणि तिसरं वाचून मोकळे होतात. दुसरं मुद्दाम विचारा. पायांची लांबी सारखी असूनही एकाची बोटं लांब असतात, दुसऱ्याची आखूड, आणि दोघांना एकच नंबर बसेलच असं नाही. हे दुसरं माप पहिल्यापेक्षा मोठं आलं तर नंबर त्यावरून धरायचा. तसं झालं तर माझं ‘साडेआठ नको’ मी बिनशर्त मागे घेतो.

बूट घातल्यावर टाच जमिनीवर हलकेच आपटून मागे बसवा, मग नाड्या बांधा. आता वरून बघा: करंगळीपाशी चामडं वेल्टच्या, म्हणजे तळाच्या कडेने शिवलेल्या पट्टीच्या, बाहेर लोंबतंय का? लोंबत असेल तर रुंदी कमी पडतेय. चामडं सैल पडेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. नव्या ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन्ही पट्ट्यांत अर्धा ते एक सेंटिमीटर अंतर राहिलं आणि ते वरपासून खालपर्यंत सारखं असलं तर उत्तम. पहिल्याच दिवशी त्या पूर्ण मिटल्या तर बूट मोठा आहे. तळातलं कॉर्क दबतं, चामडं आडवं ताणतं (लांबीला ताणत नाही, हे विक्रेत्याने कितीही शपथेवर सांगितलं तरी), आणि मग आवळायला काही उरत नाही. टाच थोडी सुटत असेल तर लगेच नापास करू नका, नवा तळ ताठ असतो, वाकायला लागला की ती पकड येते. बोटभर सुटत असेल तर मात्र नको.

तुमच्या पट्ट्या वर जास्त फाकतात, याचा अर्थ रुंदीसोबत पायाचा वरचा उंचवटाही जरा जास्त दिसतोय. ३४८ तसा आटोपशीर लास्ट आहे. २०२ गोल टोकाचा आणि पोटात बऱ्यापैकी सैल, त्यामुळे आठ ई मध्येही तुमचं काम भागू शकतं. आधी ८ ई घालून बघा, मग ८ एफ. दोन्हींत पट्ट्या फाकत असतील तर ऑक्सफर्डचा हट्ट सोडून एडवर्ड ग्रीनच्याच डोव्हरसारखा डर्बी बघा. डर्बीच्या पट्ट्या वरून मोकळ्या असतात, उंच पायाला त्या सांभाळून घेतात. त्यांचा निमुळता ८८८ लास्ट कितीही देखणा दिसला तरी तुमच्यासाठी नाही.

नंबरांच्या भाषांतराचा घोळही ध्यानात ठेवा. एडवर्ड ग्रीन बुटाच्या आत यूके आणि अमेरिकी असे दोन्ही आकडे लिहितं आणि त्यांत अर्ध्याचा फरक धरतं: यूके ८ म्हणजे अमेरिकी साडेआठ. इतर बरेच जण पूर्ण एकाचा धरतात. न्यूयॉर्कच्या दुकानाच्या यादीतला ‘८.५’ म्हणजे बहुधा तुमचा आठच, तेव्हा आकडा कुठला ते विचारून घ्या. अमेरिकी डी साधारण इंग्लिश ई च्या जोडीचा, तर चर्च या इंग्लिश कंपनीत नेहमीची रुंदी एफ. आल्डन या अमेरिकी कंपनीच्या बॅरी लास्टवर लोक सर्रास अर्धा नंबर कमी घेतात. युरोपी नंबर तर दोन तृतीयांश सेंटिमीटरच्या हिशोबाने चालतात, त्यामुळे तक्त्यातलं ‘बेचाळीस बरोबर आठ’ हे जमवून घेतलेलं असतं.

आता पैशांचं. लंडनच्या किमतीत २० टक्के व्हॅट धरलेला असतो, न्यूयॉर्कच्या पाटीवर विक्रीकर नसतो. दोन आकडे शेजारी मांडून वजाबाकी केली की ती चुकणारच. बूट थेट परदेशी पाठवला तर व्हॅट वजा होतो, पण तो २० टक्के नव्हे: १२०० पौंडांतून २०० जातात, म्हणजे पावणेसतरा टक्क्यांच्या आत. काही विक्रेते निर्यातीलाही तीच किंमत लावून तो फरक खिशात घालतात, तेव्हा पैसे भरण्याच्या पानावर आकडा खरंच उतरला का ते बघा. उरलेल्या हजारात पोहोचवणावळ, तुमच्या देशाचं आयात शुल्क आणि त्या सगळ्या बेरजेवर तिथला कर मिळवा. बहुतेक देशांत शुल्क पोहोचवणावळीवरही बसतं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं शुल्काशिवाय सुटायची, ती सवलत ऑगस्ट २०२५मध्ये संपली. जुन्या सल्ल्यांवर विसंबू नका.

लंडनला स्वतः जाऊन आणू म्हणाल, तर तिथेही मेख आहे. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमध्ये प्रवाशाला हातात नेलेल्या मालावर व्हॅट परत मिळत नाही, दुकानाने बाहेरदेशी रवाना केला तरच सुटतो. पॅरिस किंवा बुडापेस्टमध्ये परतावा अजून आहे, फक्त मधली कंपनी आपला हिस्सा कापते. हंगेरीचा व्हॅट २७ टक्के असल्याने बुडापेस्टच्या वास कंपनीचे बूट तिथे जाऊन घेणाऱ्यांचं गणित बरं बसतं.

न्यूयॉर्कचं दुकान महाग का, तर आयातीचा खर्च, शुल्क आणि दुकानदाराचा नफा किमतीत आधीच धरलेला असतो. आल्डनचं युरोपात नेमकं हेच उलट्या दिशेने होतं. यात चलनाची उलथापालथही असते. जून २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर किंवा सप्टेंबर २०२२मध्ये पौंड गडगडला तेव्हा लंडनच्या याद्या लगेच बदलल्या नाहीत, डॉलरवाल्यांना तेवढे दिवस चांदी झाली. असं रोज होत नाही. पैसे भरताना मात्र विक्रेत्याच्याच चलनात भरा. ‘तुमच्या चलनात दाखवू का’ या बटणाच्या मागे वाईट दर असतो.

या सगळ्यातून समजा दीडशे-दोनशे पौंड वाचले. नंबर चुकला तर परतीची पाठवणी तुमच्या खिशातून, आणि भरलेलं शुल्क परत मागायचं म्हणजे अर्ज, पुरावे, हेलपाटे. एक परत पाठवणी झाली की वाचवलेलं बरचसं गेलं, दुसरी झाली की व्यवहार आतबट्ट्याचा. न्यूयॉर्कच्या किमतीतला मोठा भाग म्हणजे तिथे बसून चार जोड घालून बघण्याचे पैसे आहेत, आणि पहिल्या जोडीला ते मला महाग वाटत नाहीत. तिथे तासभर चार जोड उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन लंडनला ऑर्डर टाकायची, हा उद्योग मला पटत नाही. त्याच लास्टचा, त्याच रुंदीचा दुसरा जोड घ्याल तेव्हा खुशाल लंडनहून मागवा.

तुम्ही शेवटी विचारलंत ते, पार्सलावर ‘भेट’ लिहून किंमत कमी दाखवणं: ते खोटं विवरण आहे, आणि पार्सल हरवलं तर विम्याचे पैसे त्या लिहिलेल्या किमतीपुरतेच मिळतात.

दुकानात जाणं अगदीच अशक्य असेल तर निदान हे करा: उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा कागदावर काढा, पेन्सिल सरळ धरून, चवड्याचा आणि उंचवट्याचा घेर टेपने मोजा, आणि तुमचा ३४८ कुठे चावतो ते एका ओळीत लिहून विक्रेत्याला पाठवा. एफ रुंदी साठ्यात आहे की ऑर्डर देऊन बनवावी लागेल हेही त्याच पत्रात विचारा, कारण बनवून घेतलेला जोड सहसा परत घेत नाहीत.