औषधाच्या चाचणीत बटणांचा प्रश्न कशासाठी?

प्रश्न : माझ्या वडिलांना सात वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे. एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी व्हाल का, अशी विचारणा त्यांना झाली आहे. हाताची थरथर तपासणार हे समजू शकते; परंतु सदऱ्याची बटणे लावता येतात का, चारचौघांत संकोच वाटतो का, असे एकोणचाळीस प्रश्न आणि दर अर्ध्या तासाने भरायची नोंदवही यांचा औषधाशी काय संबंध? शिवाय त्यांच्या वाट्याला औषधाऐवजी नुसतीच गोळी आली, तर ती फसवणूक नव्हे का?

उत्तर : आधी नोंदवहीविषयी लिहितो, कारण घरच्यांना तिचाच सर्वाधिक कंटाळा येतो. तपासणीच्या खोलीत डॉक्टर आपल्या वडिलांना अंगठा आणि तर्जनी भरभर दहा वेळा जुळवायला सांगतील, मागे उभे राहून खांदे एकदम ओढतील आणि तोल सावरायला किती पावले लागली ते पाहतील. अशा प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण दिले जातात. ही पद्धत उपयोगी आहेच. पण तिच्यात जेमतेम अर्ध्या तासाचे चित्र उमटते. लेव्होडोपा हे कंपवातावरचे नेहमीचे औषध घेणाऱ्या रुग्णाचा दिवस काही वर्षांनी तुकड्यातुकड्यांचा होतो : गोळी लागू पडली की हालचाल मोकळी होते, ज्याला ‘ऑन’ म्हणतात, आणि असर ओसरला की पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, त्याला ‘ऑफ’ म्हणतात. तपासणी नेमकी ‘ऑन’ अवस्थेत झाली, तर कागदावर सारेच ठीक दिसते. म्हणून दिवसाचे अठ्ठेचाळीस चौकोन करून प्रत्येकात झोप, ‘ऑफ’ किंवा ‘ऑन’ यांची खूण करायची असते. ‘ऑन’मध्येही अंगाच्या अनैच्छिक हालचाली होत्या का आणि त्या त्रासदायक होत्या का, हे वेगळे नोंदवायचे असते. त्रासदायक म्हणजे काय, ते रुग्णानेच ठरवायचे. बघणाऱ्याला जी हालचाल भयंकर वाटते, ती रुग्णाला ताठरपणापेक्षा कितीतरी सुसह्य वाटू शकते. खूण त्या त्या वेळीच करावी. रात्री आठवून भरलेली नोंदवही संशोधकाच्या फारशी कामाची नसते.

एकोणचाळीस प्रश्नांची यादी जगभर वापरात आहे. तिच्यात गेल्या महिन्याभराविषयी विचारलेले असते आणि हालचाल, दैनंदिन कामे, मनःस्थिती, आजाराची लाज, इतरांचा आधार, स्मरण व एकाग्रता, संवाद आणि शारीरिक त्रास अशा आठ अंगांनी जगणे मोजले जाते. थरथर डोळ्यांना दिसते म्हणून तीच मुख्य वाटते. प्रत्यक्षात खिन्नता, झोपमोड, बद्धकोष्ठता आणि वेदना यांनी रुग्ण अधिक खचलेला असतो. मेंदूत तार बसवून विद्युत-उत्तेजना देण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना केवळ औषधोपचाराशी करणारी 156 रुग्णांची चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हालचालींच्या गुणांबरोबर हीच यादी मुख्य निकष म्हणून वापरली होती. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान सरस ठरले. मात्र गंभीर दुष्परिणामही त्याच गटात अधिक होते आणि मेंदूतील रक्तस्रावाने एक रुग्ण दगावला. या दोन्ही गोष्टी एकाच अहवालात वाचायला मिळणे, ही माझ्या मते चांगल्या संशोधनाची खूण आहे.

आता नुसत्या गोळीविषयी. तिला प्लासिबो म्हणतात आणि कंपवातात तिच्याशिवाय निर्णय करणे फार अवघड असते. औषध मिळाले या अपेक्षेनेच या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारे हालचालींचे रसायन, स्रवते, हे 2001 मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दिसून आले. त्याच वर्षी मेंदूत भ्रूणपेशींचे रोपण करण्याची 40 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्यांच्या कवटीला छिद्रे पाडली होती, पण पेशी सोडल्या नव्हत्या. पुढे या 40 जणांपैकी बहुतेकांची विचारपूस केली, तेव्हा आपल्याला पेशी मिळाल्या असे मानणाऱ्यांनी वर्षाअखेरीस आपले जीवनमान अधिक चांगले असल्याचे सांगितले, मग त्या पेशी प्रत्यक्षात मिळालेल्या असोत वा नसोत. तुलनेचा गट नसता, तर हे सारे श्रेय रोपणाला गेले असते.

फसवणूक तेव्हा ठरेल, जेव्हा हे आपल्यापासून लपवले जाईल. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी वडिलांची सध्याची औषधे चालू राहणार का, हे स्पष्ट विचारा. अशा चाचण्यांत नवे औषध बहुधा त्यांच्या जोडीला दिले जाते. इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार आणि चाचणी संपल्यावर औषध मिळणार का, हेही विचारा. कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडण्याचा हक्क वडिलांना आहे. आणि सही त्यांची आहे, आपली नव्हे. त्यांना उलगडून सांगा, पण निर्णय त्यांना घेऊ द्या.

प्रश्न : पतीला पक्षाघात होऊन सात महिने झाले. आता उजवा हात सुधारणार नाही, असे सगळे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, एवढेच खरे. पक्षाघातानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या 222 रुग्णांवरील एका चाचणीत काहींच्या चांगल्या हातावर जागेपणीचा बहुतेक वेळ जाड मोजा चढवला आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडूनच कसून सराव करून घेतला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि ही सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही केवळ घड्याळ लावून हात तपासला नव्हता. घरी तो हात किती आणि कसा वापरता, हे रुग्णांनाच विचारले होते. अट एकच : मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता आली पाहिजेत. पतीला तेवढे जमत असेल, तर फिजिओथेरपिस्टशी याच पद्धतीविषयी बोला. घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवण्याचा प्रयोग मात्र करू नका. तोल गेल्यास सावरायला तोच हात लागतो.