२० किलोव्होल्टच्या मॉड्यूलने पाण्यातले बॅक्टेरिया मरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑनलाइन मागवलेलं २० किलोव्होल्टचं छोटं मॉड्यूल, स्टीलच्या दोन प्लेटा, मध्ये १ सेंटीमीटर पाणी, वीज लावल्यावर बुडबुडे आले, आणि ट्रीटमेंटनंतर बॅक्टेरियाच्या कॉलन्या (प्लेटवर वाढलेले ठिपके) बऱ्याच कमी दिसल्या, मग हेच ते पल्स इलेक्ट्रिक फील्ड का, म्हणजे विजेचे क्षणभराचे जोरदार झटके, ज्याने ज्यूस न उकळता टिकवतात. ज्यूसचं खरं आहे. तुमचे बॅक्टेरिया मेले हेही खरं असेल. पण फील्डने मेले असं मला वाटत नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

बॅक्टेरियाचं मेंब्रेन म्हणजे जेमतेम ५ नॅनोमीटरचा चरबीचा पापुद्रा, वीज अडवणारा, आणि त्याच्या आतबाहेर क्षारांचं पाणी, म्हणजे झाला की इवलासा कपॅसिटर, चार्ज साठवणारा. बाहेरून फील्ड लावलं की पापुद्र्याच्या दोन्ही अंगाला चार्ज साठत जातो आणि तिथला व्होल्टेज साधारण १ व्होल्टच्या घरात गेला की भोकं पडायला लागतात. १ व्होल्ट म्हणजे किस झाड की पत्ती वाटेल, पण तो ५ नॅनोमीटरवर आहे हो, हिशोब करा, सेंटीमीटरला २० लाख व्होल्ट पडतात.

आता हा १ व्होल्ट मिळवायला बाहेरून किती फील्ड लागेल हे पेशी केवढी आहे त्यावर ठरतं. गोल पेशी धरली तर फील्ड गुणिले त्रिज्या, त्याच्या दीडपट. अर्धा मायक्रॉन त्रिज्येच्या बॅक्टेरियाला सेंटीमीटरला १३ किलोव्होल्टच्या वर लागतात, ३ मायक्रॉनच्या यीस्टला सव्वादोनमध्ये भागतं, आणि वनस्पतींच्या पेशी तर एवढ्या मोठ्या की फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यात बटाटा कापायच्या आधी नरम करायला १ किलोव्होल्टच्या आसपास पुरतात. जितका जीव बारका तितका वीजवाल्याचा घाम निघतो.

मग तुम्ही म्हणाल, १ सेंटीमीटरवर २० किलोव्होल्ट म्हणजे १३ च्या वरच की. कागदावर हो. पण पाणी हवेसारखं नसतं, ते करंट ओढतं. तुमच्या प्लेटा १० चौरस सेंटीमीटरच्या धरू, पाण्याची कंडक्टिव्हिटी ५०० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर, तर दोन प्लेटांमधला रेझिस्टन्स फक्त २०० ओहम येतो. त्यावर २० किलोव्होल्ट टिकवायचे तर १०० अँपिअर लागतात, म्हणजे पल्स चालू असेपर्यंत २ मेगावॉट! तुमचं मॉड्यूल काही वॉटचं आहे, पाणी लागलं की त्याचा व्होल्टेज कोसळणारच. मॉड्यूलवर छापलेला आकडा हवेतल्या ठिणगीसाठी असतो. प्लेटा पाण्यात असताना हाय व्होल्टेज प्रोब आणि ऑसिलोस्कोप लावून बघितलंत का? नसेल तर तुम्हाला फील्ड किती होतं हेच माहीत नाही.

खऱ्या सेटअपमध्ये म्हणूनच कपॅसिटर भरून ठेवतात आणि स्विचने काही मायक्रोसेकंदात रिकामा करतात. १० मायक्रोसेकंदाच्या एका पल्सला वरच्या हिशोबाने २० ज्यूल लागतात, १० मिलीलिटर पाणी अर्धा डिग्री तापतं, ५० पल्स मारल्या की २५ डिग्री. 'उष्णतेशिवाय' हे जे लिहितात ना ते थोडं सैल लिहिणं आहे, तापतं, फक्त आवरता येतं. ज्यूस किंवा दूध पाण्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतं, त्यामुळे तिथे तर कूलिंग लागतंच. उलट बरेच जण आधीच ४०-५० डिग्रीला नेऊन मग पल्स मारतात, मेंब्रेन सैल झालेलं असतं म्हणून कमी फील्डमध्ये काम होतं.

पल्स एवढी छोटी ठेवण्याचं दुसरं कारण स्पार्क. पाण्यात एक बुडबुडा राहिला तरी हवा आधी फुटते आणि आर्क बसतो. मी लॅबमध्ये असताना डीएनए घालायला ई. कोलायला असेच शॉक द्यायचो, १ मिलिमीटर अंतरावर दोन प्लेटा असलेली छोटी डबी, म्हणजे क्युवेट, आणि १.८ किलोव्होल्ट. एकदा घाईत लायगेशनमधलं, म्हणजे डीएनएचे तुकडे जोडायच्या मिश्रणातलं, करंट ओढणारं मीठ न काढता तसंच टाकलं, फट्ट असा आवाज, क्युवेटचं झाकण उडालं आणि दोन दिवसांचं काम भिंतीवर.

त्या कामात एक गोष्ट मात्र पक्की कळते, भोकं पडली म्हणजे जीव मेला असं नाही. शॉकनंतर लगेच पोषक मीडियम घालून तासभर ३७ डिग्रीला ठेवलं की बऱ्याच पेशींची भोकं बुजतात आणि त्या डीएनए पोटात घेऊन मजेत वाढतात. मारायचं असेल तर फील्ड आणि पल्सची संख्या एवढी हवी की भोकं बुजायलाच नकोत. आणि स्पोअर्सना, म्हणजे बॅक्टेरियाच्या कडक कवचातल्या सुप्त रूपाला, तर याने फारसं काहीच होत नाही, म्हणून असा ज्यूस फ्रिजमध्येच ठेवावा लागतो.

मग तुमच्या कॉलन्या कमी का झाल्या? बुडबुडे आले असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे इलेक्ट्रॉलिसिस, विजेने पाण्याचं रासायनिक विघटन, चालू होतं. पाण्यात क्लोराइड असतंच, त्यातून क्लोरीन तयार होतो, तो बॅक्टेरिया छान मारतो. वर स्टीलमधून लोखंड आणि क्रोमियम सुटतं, त्यामुळे ते पाणी कृपा करून पिऊ नका. १९६७ साली सेल आणि हॅमिल्टन या दोन संशोधकांनी फील्डच्या प्रयोगांत हीच शंका आधी फेडली, की मरण उष्णतेने नाही, इलेक्ट्रॉलिसिसच्या मालानेही नाही, फील्डनेच येतंय.

तुम्हीही तपासू शकता, सोपं आहे. आधी नुसतं पाणी, बॅक्टेरियाशिवाय, तेवढाच वेळ ट्रीट करा, मॉड्यूल बंद करा, पाणी थंड होऊ द्या आणि मग त्यात बॅक्टेरिया घाला. तरी मेले तर फील्डचा काही संबंध नाही. त्याच ट्रीट केलेल्या पाण्याच्या दुसऱ्या नळीत बॅक्टेरिया घालायच्या आधी चिमूटभर सोडियम थायोसल्फेट टाका, त्याने क्लोरीन मारला जातो, तिथे जगले तर चोर सापडला. मोठा कपॅसिटर जोडून बघू असं मात्र मनातही आणू नका, २० किलोव्होल्टला १०-२० ज्यूल साठवलेला कपॅसिटर सप्लाय काढल्यावरही माणूस मारू शकतो. थायोसल्फेटच्या नळीचे आकडे आले की इथेच टाका, मला बघायचेत.