मूल्य, तत्त्व की ध्येय?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचक भगिनीचा प्रश्न आला आहे. कचेरीतल्या शिबिरात प्रत्येकाला आपापल्या 'कोअर व्हॅल्यूज' मातृभाषेत लिहायला सांगितल्या. त्यांनी लिहिलं: प्रामाणिकपणा, कुटुंब, वक्तशीरपणा, मांजलपूरला स्वतःचं घर. या यादीला 'मूळ मूल्ये' म्हणावं, 'तत्त्वे' की 'ध्येये'? 'इन्टेन्शनली' जगण्याला मराठीत काय म्हणतात? आणि शेजारच्या गुजराती बाई याला 'टेक' म्हणतात, तो शब्द चालेल का?

'मूळ मूल्ये' नको. ते 'मूळ किंमत, सूट वजा जाता' यासारखं वाटतं. 'मूल्य' हा शब्द बाजारातलाच आहे. 'मोल' हे त्याचंच घासून गुळगुळीत झालेलं रूप. एकवचनात तो अजून बाजार सोडत नाही. 'माझं मूल्य काय?' म्हटलं की पगाराची बोलणी चालली आहेत असं वाटतं. 'माझी मूल्यं' म्हटलं की मात्र अर्थ पालटतो. म्हणून अनेकवचन ठेवा आणि शीर्षक साधं 'माझी मूल्ये' द्या. 'मूलभूत मूल्ये' चूक नाही, पण सरकारी परिपत्रकाची आठवण होते.

तिन्ही शब्दांतला फरक व्याख्येपेक्षा क्रियापदावरून लवकर कळतो. मूल्यं जपतात, तत्त्वं पाळतात, ध्येय गाठतात. ध्येय एकदा गाठलं की संपतं. मूल्य कधी 'पूर्ण' होत नाही. तत्त्व म्हणजे मूल्यातून निघालेला नियम, म्हणूनच तत्त्वाला मुरड घालता येते, तत्त्व मोडता येतं. (लिहिताना तत् + त्व, म्हणजे दोन त. 'तत्व' असं लिहिलेल्या पाट्या गावभर दिसतात, तरी ते चूकच.) चौथा शब्द 'ब्रीद': ते राखतात आणि मिरवतातही. गायकवाडांच्या राजचिन्हावरचं 'जीन घर, जीन तख्त' हे ब्रीद. घोड्याचं खोगीर हेच घर आणि हेच सिंहासन, असा तो बाणा. ते घराण्याचं असतं, एकट्याच्या यादीत शोभत नाही.

आता यादी या कसोटीवर लावू. मांजलपूरचं घर 'गाठायचं' आहे, म्हणून ते ध्येय, यादीतून काढा. मात्र काढण्याआधी 'घर कशासाठी?' हे विचारा. उत्तर 'कुणाच्या उपकारात राहायचं नाही' असं आलं, तर खरं मूल्य स्वावलंबन आहे आणि ते यादीत हवं. 'कुटुंब' हीही गफलतच. कुटुंब ही माणसं आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही काय जपता, ते लिहायचं. प्रामाणिकपणा आणि वक्तशीरपणा ही मूल्यं खरी, पण एका जातीची: दोन्ही वागण्याच्या रीती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी १९७३ साली मूल्यांचे दोन गट मांडले, प्रत्येकी १८ मूल्यांचे. त्यांना मराठीत साध्य (कशासाठी जगायचं) आणि साधन (कसं वागायचं) म्हणता येईल. तुमची ही दोन्ही साधनांत मोडतात. रोकीच लोकांना आवडत्या शब्दांवर खुणा करायला सांगत नसत, क्रम लावायला सांगत. खुणा करायला दिल्या तर सगळेच शब्द आवडतात.

म्हणून सुरुवातीला वीसेक शब्द लिहा, त्यांतले तीन ते पाच ठेवा आणि त्यांना क्रम द्या. क्रम नसला की फसगत ठरलेली. संध्याकाळी साडेसहाची मीटिंग आणि घरी मुलाला ताप, अशा वेळी वक्तशीरपणा आणि माया समोरासमोर येतात आणि जो मोठ्याने बोलावतो तो जिंकतो.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष म्हणजे '-पणा' आणि '-ता' लागलेली भाववाचक नामं. ती ऐकायला भारदस्त असतात आणि कुणालाच कशाला बांधत नाहीत. प्रत्येक नामापुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं एक वाक्य लिहा. 'प्रामाणिकपणा' याऐवजी 'हिशेबातली माझी चूक कुणी विचारण्याआधी मी सांगते.' 'कुटुंब' याऐवजी 'रात्रीचं जेवण सगळे एकत्र, मोबाइल दुसऱ्या खोलीत.' सयाजीराव महाराजांनी 'शिक्षण' हा शब्द नुसता उच्चारला नाही. १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पाहिलं आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केलं. वाक्य लिहून झालं की गेल्या महिन्याचं कॅलेंडर आणि खर्चाची वही काढा. ज्या मूल्याला त्यात ना वेळ मिळाला ना पैसा, ते बहुधा शिबिराच्या फळ्यावरून उतरवलेलं असतं.

'इन्टेन्शनली'साठी 'हेतुपुरस्सर' टाळा. त्याला 'हेतुपुरस्सर दिरंगाई'चा वास आहे. 'जाणूनबुजून' आणि 'मुद्दाम' यांतही आरोप दडलेला असतो. 'जाणीवपूर्वक' चालेल. 'ठरवून' त्याहून बरा: 'मी ठरवून असं वागते.'

'टेक' गुजरातीत फार नेटका शब्द आहे: प्रण, प्रतिज्ञा, स्वाभिमान, सगळं त्यात येतं. पण मराठी कानाला 'टेक' म्हटलं की भिंतीला पाठ टेकलेली दिसते. शेजारणीशी बोलताना बेलाशक वापरा. मराठी कागदावर मात्र 'बाणा' लिहा, तोही एखाद्याच, सर्वांत वरच्या मूल्यासाठी.